छाप्याची रात्र: तिथी, पाऊस आणि पहारेकरी

कातळकडा (धागाकर्ता)

शिवकाळातल्या रात्रीच्या मोहिमांवर आपण मंडळी शौर्याच्या अंगाने भरभरून लिहितो. त्या रात्री आकाशात चंद्र होता का, किती वाजता उगवला, पाऊस होता की उघडीप, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. परवा तिथ्या काढून बसलो. चार प्रसंग मांडतो, मग भांडू.

लाल महाल. ५ एप्रिल १६६३, चैत्र शुद्ध अष्टमी. रमझानचा पहिलाच आठवडा. अष्टमीचा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीनंतर मावळतो. म्हणजे सांजवेळी चांदण्यात माणसं पुण्यात शिरली ती चारचौघांसारखी, आणि परतायची वेळ आली तेव्हा चंद्र मावळतीला. दिवसभराचा उपवास, त्यावर रात्रीचं भरपेट जेवण, वाड्यातले बहुतेक लोक गाढ झोपलेले. जागे होते ते पहाटेच्या जेवणाची तयारी करणारे आचारी, आणि महाराज शिरले तेही मुदपाकखान्याच्या बाजूनेच. शास्ताखानाची तीन बोटं गेली, मुलगा मारला गेला. पाठलाग चुकवायला कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पोत (पेटते पलिते) बांधल्याची गोष्ट खरी असो की रचलेली, रचणाऱ्यालाही त्या रात्री घाटात अंधार होता हे गृहीत धरावं लागलंच.

सिंहगड. ४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमी. चंद्र उगवतो एक-दीडच्या सुमारास. त्याआधी चार-पाच तास मिट्ट काळोख. डोणागिरीच्या कड्याखाली जमायचं, दोर लावायचा, वर चढायचं, हे सगळं काळोखात. (घोरपडीचा वाद इथे आणू नये ही विनंती. त्यावर वेगळे सतरा धागे आहेत.)

पन्हाळा, दुसऱ्यांदा. ६ मार्च १६७३, फाल्गुन वद्य त्रयोदशी. कोंडाजी फर्जंद आणि साठ माणसं. चंद्र पहाटेपर्यंत नाहीच, आणि उगवला तरी नखाएवढा. वर पोचल्यावर कोंडाजीने निरनिराळ्या बाजूंनी कर्णे फुंकायला लावले. साठ माणसं काळोखात सहाशे झाली, कारण काळोखात मोजणार कोण?

तीन प्रसंग, तीन वेगळ्या तिथ्या, पण तिन्ही ठिकाणी अंधार जिथे हवा तिथे बरोबर पडतो. इथवर सगळं सरळ आहे. चौथा प्रसंग हे सगळं उधळून लावतो.

पन्हाळा ते विशाळगड, १२ जुलै १६६०. आषाढी पौर्णिमा! सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून बसलेला, पावसातही ढिला न पडलेला. इंग्रजांनी राजापूरहून येऊन तोफा डागलेल्या. अशा वेढ्यातून सुमारे सहाशे माणसं घेऊन निसटायचं, आणि रात्र कुठली, तर चंद्र संध्याकाळी उगवून पहाटे मावळणारी.

माझं म्हणणं असं. अंधार हे निम्मंच काम. मोहीम आखणारा चंद्राइतकाच पहारेकरीही पाहतो. शरण येण्याचा निरोप गेलेला, आकाश फाटल्यासारखा आषाढ, चार महिन्यांचा शीण. अशा रात्री कोण बाहेर पडेल असं चौकीवरच्या माणसाला वाटलं, म्हणून ती रात्र सोयीची. तिथी नंतर.

तुमच्याकडे अशी आणखी उदाहरणं असतील तर टाका. आणि आजच्या फौजांत, रात्री पाहण्याच्या दुर्बिणी आल्यावर, यातलं काय उरतं हेही जाणकारांनी लिहावं.

---

पंचांगबुवा

वा! वाचनखूण साठवली.

चंद्रोदय काढायला संगणक लागत नाही. संकष्टीला आपण चंद्राची वाट पाहतो तो साधारण नऊ-साडेनऊला दिसतो, हे घरोघरी ठाऊक आहे. तिथून पुढे रोज दोन घटका, म्हणजे पाऊण तासाच्या थोडं वर, उशीर धरा. चतुर्थी ते नवमी पाच दिवस, म्हणजे एक-दीड. तुमचा आकडा बरोबर.

एक गोष्ट मात्र जोडतो. या इंग्रजी तारखा जुन्या, ज्युलियन पद्धतीच्या आहेत. आजच्या कॅलेंडरप्रमाणे त्या दहा दिवस पुढे जातात. सिंहगडाची रात्र आजच्या १४ फेब्रुवारीला येते, पन्हाळगडाहून निसटण्याची २२ जुलैला. तिथी त्याने बदलत नाही, पण हवामानाचा अंदाज बांधताना आजची ४ फेब्रुवारी डोळ्यांपुढे आणू नये. लाल महालाचा छापा तर सरळ १५ एप्रिलच्या उन्हाळ्यात पडतो. त्या दिवसांतला उपवास म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको.

---

उलटतपासणी

लेख छान, पण मला हे मागाहून जुळवलेलं वाटतं. महिन्याच्या तीस रात्रींपैकी निम्म्याहून जास्त रात्रींत कधी ना कधी चार-पाच तास अंधार असतोच. कुठलीही तारीख काढा, 'बघा, किती विचार करून निवडली' असं म्हणता येईल. तीन उदाहरणांवर सिद्धांत उभा राहत नाही, आणि चौथं तर तुमच्या विरोधातच आहे. पन्हाळ्यावर महाराजांनी रात्र 'निवडली' कशी म्हणता? वेढा चार महिन्यांचा, आत दाणागोटा संपत आलेला. ज्या रात्री वाटाघाटीचा निरोप पोचला, तीच रात्र. चंद्र असो वा नसो.

---

कातळकडा

@उलटतपासणी, अर्धं मान्य. पन्हाळ्याला पर्याय कमी होते. पण निरोप कधी पाठवायचा हे तर गडावरच्यांच्याच हातात होतं ना? आठ दिवस थांबले असते तर वद्य पक्षातला अंधार मिळाला असता. थांबले नाहीत. यातून एवढंच म्हणतो की चंद्राची धास्ती त्यांना तुमच्या-माझ्याइतकी वाटली नसावी, आणि ती का वाटली नसावी हा प्रश्न मला जास्त रंजक वाटतो.

सिंहगड आणि १६७३चा पन्हाळा यांच्या बाबतीत मात्र वेळेची निवड पूर्णपणे चढाई करणाऱ्याची होती. तिथे कोणी घाई करत नव्हतं.

---

म्हसाईचं_पठार

ती धास्ती का वाटली नसावी ते त्या वाटेने आषाढात चालून बघा, मग कळेल. दरवर्षी पन्हाळा-पावनखिंड मोहिमेला शेकड्यांनी लोक जातात, मीही जातो.

आषाढातली पौर्णिमा म्हणजे कोजागिरी नव्हे. चंद्र दिसतच नाही. पण ढगांमागे तो असतो, आणि सगळं आभाळ राखाडी उजळलेलं राहतं. पुढच्या माणसाची पाठ दिसते, पायवाट चिखलात अंधुक कळते, पण शंभर पावलांवरचा माणूस धुक्यात विरघळून जातो. उलट आषाढातली अमावास्या असती तर जंगलात हात डोळ्यापुढे धरला तरी दिसला नसता. सहाशे माणसं, पालखी, ओढे फुगलेले. मशाल पेटवायची सोय नाही. रात्रीत साठेक किलोमीटर तुडवायचेत. अशा वेळी मला विचाराल तर ढगाळ पौर्णिमाच द्या.

आणि आवाज! त्या पावसात दोन हातांवरचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. आता सिंहगड घ्या. माघात गवत वाळून कोळ झालेलं, पाय टाकला की करकर, एक धोंडा सुटला की खालपर्यंत गडगड. पण पावसात तोच कडा शेवाळलेला, दोर भिजून फुगलेला. चढणं अशक्य. म्हणून कडा चढायचा तर कोरडा ऋतू, आणि वेढ्यातून निसटायचं तर पावसाळा. आवाजाचा धोका पत्करून पकड मिळवायची, नाहीतर पकड सोडून आवाज झाकायचा.

(जळवांबद्दल मुद्दाम लिहीत नाही. जेवणाची वेळ आहे.)

---

शिळोप्याचा_जोशी

+१ म्हसाई. ढगामागच्या पौर्णिमेचं अगदी पटलं. पूर्ण चंद्राचा उजेड ढगांनी दहापट कमी केला, तरी तो निव्वळ चांदण्यांच्या उजेडापेक्षा जास्तच भरतो.

---

निवृत्त_सुभेदार

धागा मुलाने दाखवला म्हणून खास खातं उघडून लिहितोय. लिहिण्याची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

अंधारात डोळा तयार व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. ती तयारी एका काडेपेटीच्या काडीने जाते आणि परत पहिल्यापासून. म्हणून आम्हाला शिकवत, की उजेड दिसला तर एक डोळा मिटून घ्या. दुसरं, अंधारात वस्तूकडे नेमकं रोखून बघायचं नाही, जरा बाजूला बघायचं, मग ती दिसते. डोळ्याच्या मधल्या भागाला काळोखात काही उमगत नाही. पहारेकरी नवा असला की टक लावून बघत बसतो, आणि मग झुडूपही हलायला लागतं.

आवाजाचं असं. वारा नसलेली, स्वच्छ, थंड रात्र सगळ्यात वाईट. जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार, अशी उलटी स्थिती होते, आणि आवाज वर न जाता वाकून खाली येतो. मैलभरावरच्या रेल्वेची शिट्टी रात्री ऐकू येते ती त्यामुळेच. वारा असेल तर समोरून आपल्या तोंडावर येणारा चांगला. आपला आवाज मागे जातो, आणि कुत्र्यांना वासही लागत नाही.

वेळ म्हणाल तर रात्री दोन ते चार. माणसाचं शरीर तेव्हा सगळ्यात सुस्त. पहारा बदलून तास झालेला असला तर उत्तम. आधीचा गेलेला, नवा अजून उबेत.

कारगिलबद्दल लिहितो, कारण तुमचा तिथीचा विचार तिथे लावून बघण्यासारखा आहे. तोलोलिंगचा निर्णायक हल्ला १२-१३ जून १९९९च्या रात्री झाला, २ राजपुताना रायफल्सचा. १३ जूनला अमावास्या होती. त्याच पलटणीचा थ्री पिंपल्सवरचा हल्ला २८-२९ जूनच्या रात्री. ती पौर्णिमा. उघडा डोंगर, झाडाचं पान नाही, आणि वर बसलेल्याला खालचा माणूस चांदण्यात लख्ख दिसतोय. दोन्ही जिंकले. पण दुसरी रात्र कशी गेली असेल याचा विचार करा. आणि कृपा करून 'अमावास्येमुळे तोलोलिंग पडलं' असं कोणी लिहू नका. तोफखान्याने आधी डोंगर भाजून काढला होता, आणि जवानांनी रक्त दिलं होतं. अंधाराने हातभार लावला, बस्स.

---

पंचांगबुवा

सुभेदार साहेब, दंडवत. एक भर घालू का? १९९९ला अधिक ज्येष्ठ होता. तो १३ जूनच्या अमावास्येला संपला, म्हणून २८ जूनची पौर्णिमा निज ज्येष्ठाची. म्हणजे इकडे आपल्या आयाबायांनी वडाला दोरा गुंडाळला त्याच दिवशी रात्री तिकडे थ्री पिंपल्स.

---

निवृत्त_सुभेदार

हे ठाऊक नव्हतं. आमच्या गावातल्या दोन घरांचे जवान त्या वेळी तिकडेच होते.

---

उलटतपासणी

सुभेदार साहेब, तुमच्या उदाहरणाने माझाच मुद्दा पुढे जातो. पलटण तीच, जिद्द तीच. अमावास्येलाही हल्ला, पौर्णिमेलाही हल्ला. म्हणजे गरज असेल तेव्हा चंद्र बघायला कोणी थांबत नाही.

---

निवृत्त_सुभेदार

थांबता येत नाही हे खरं. पण थांबता येत नाही आणि फरक पडत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फरक काय पडतो ते खालून वर चढणाऱ्याला विचारा.

टायगर हिल बघा. ३-४ जुलैच्या रात्री १८ ग्रेनेडियर्सची घातक तुकडी ज्या कड्याने चढली तिकडून कोणी येईल असं वरच्यांना वाटलंच नव्हतं. डोणागिरीच्या कड्यावर पहारा का ढिला होता? कारण तोच. तेव्हा धागाकर्ते म्हणतात ते मला पटतं, वेळ आणि वाट अशी धरायची की समोरच्याने ती मनातून खोडून टाकलेली असावी.

---

एडिसनची_सून

इकडे अमेरिकेत रात्र आहे, म्हणून घाईत लिहिते. कातळकडा, तुमच्या सिद्दी जौहरसारखाच प्रकार १९४४ साली, दोस्त राष्ट्रांच्या फौजा फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या तेव्हा झालाय.

६ जूनला पौर्णिमा होती. विमानांना आणि ग्लायडरना चांदणं हवं, उतरणाऱ्या बोटींना पहाटे ओहोटी हवी. म्हणजे किनाऱ्यावर पेरलेले अडथळे उघडे दिसतील. दोन्ही जुळणारे दिवस महिन्यात मोजकेच. ५ तारीख ठरली होती, वादळामुळे एक दिवस पुढे ढकलली. मग स्टॅग नावाच्या हवामानतज्ज्ञाने सांगितलं की मध्ये थोडी उघडीप मिळेल. जर्मनांना मात्र वाटलं की असल्या हवेत कोणी येत नाही. त्यांचा सेनापती रोमेल तर बायकोच्या वाढदिवसाला घरी गेला होता! पाऊस सगळ्यांवर सारखाच पडत होता. एकाने त्यातली फट शोधली, दुसऱ्याने सुट्टी घेतली. ती संधी सोडली असती तर पुढची भरती-ओहोटी जुळायला दोन आठवडे गेले असते, आणि १९ जूनला तिथे भयंकर वादळ आलं.

उलट बाजूही सांगते. १९८०चं इराणमधलं ऑपरेशन ईगल क्लॉ, तिथल्या अमेरिकन ओलिसांना सोडवण्यासाठी आखलेलं. अमेरिकेच्या आठ हेलिकॉप्टरांना वाळवंटात धुळीच्या ढगांनी गाठलं. बारीक, पिठासारखी धूळ हवेत तरंगत राहिलेली. एक धुळीमुळे मागे फिरलं, दोन यंत्रबिघाडाने गेली, उरली पाच. योजनेला किमान सहा हवी होती. मोहीम तिथेच सोडली, आणि परतताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळून आठ जण गेले. तिथल्या एप्रिलच्या रात्री लहान, एका रात्रीत सगळं बसत नव्हतं, म्हणून मोहीम दोन रात्रींत आखलेली होती. वेळ आणि हवा, दोन्हींनी गळा धरला.

---

सोल्डरिंग_गन

एडिसन ताई, मस्त. तंत्राच्या बाजूने थोडं.

रात्री पाहण्याची साधनं ढोबळमानाने दोन प्रकारची. पहिलं असलेला उजेड हजारो पटींनी वाढवतं. त्याला निदान चांदण्यांचा उजेड तरी लागतोच. दाट जंगलात, ढगाळ अमावास्येला तेही चाचपडतं. दुसरं उष्णता बघतं. त्याला उजेड नको, पण दाट धुकं आणि मुसळधार पाऊस त्यालाही आंधळं करतात. गंमत म्हणजे सूर्योदय आणि सूर्यास्तानंतर थोडा वेळ असा येतो की दगड, माती, झाडं तापत किंवा निवत असताना एकमेकांच्या तापमानाला येतात, आणि पडद्यावर सगळं सपाट दिसतं. म्हणजे यंत्रालाही कातरवेळ बाधते.

अॅबटाबादची २०११ची, ओसामा बिन लादेनवरची मोहीम बघा. २ मेची रात्र, चैत्री अमावास्येच्या तोंडावर. कोंडाजीसारखीच. अंधार उत्तम साधला, पण हवा अपेक्षेपेक्षा गरम निघाली. गरम हवा विरळ, पंख्यांना आधार कमी. त्यात सरावाच्या जागी जाळीचं कुंपण होतं, इथे भरीव भिंती. पंख्यांनी खाली ढकललेली हवा भिंतींमुळे कोंडली आणि एक हेलिकॉप्टर आवारातच बसलं. एवढी यंत्रं बाळगून शेवटी अडलं ते रात्रीच्या उकाड्याने.

---

टवाळ_टिळकरोड

थोडक्यात, मुलीच्या लग्नाचा आणि छाप्याचा मुहूर्त पंचांग बघूनच काढावा.

---

कातळकडा

@टवाळ :)

@सोल्डरिंग गन, भिंती आणि उकाडा या दोन्हींचा असा संबंध लक्षात आला नव्हता. धन्यवाद.

समुद्रावरचं कोणी लिहिलंच नाही अजून. ४ डिसेंबर १९७१ची आपल्या नौदलाची कराचीवरची चढाई तर ऐन चर्चेतली. तिथी काढली तर पौर्णिमेनंतर दोनच दिवस, म्हणजे चंद्र जवळजवळ रात्रभर वर. तरीही रात्रच निवडली.

---

डोलकाठी

कारण तिथे लपायचं होतं ते विमानांपासून. पाकिस्तानच्या हवाई दलाला रात्री समुद्रावर हल्ला करण्याची सोय नव्हती. निर्घात, निपात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका अंधार पडल्यावर कराचीकडे सुटल्या आणि उजाडायच्या आत दूर जायच्या बेताने. चंद्र असला काय, नसला काय, रडारला सारखंच. रात्रीचा दुसरा फायदा मात्र मिळाला. खैबर या पाकिस्तानी विनाशिकेवर क्षेपणास्त्र येताना दिसला तो फक्त एक उजेड. त्यांना वाटलं विमान आहे. विमानावर तोफा चालवत राहिले आणि हल्ला हवेतून झाल्याचाच संदेश धाडला. चढाई दिवसा असती तर समोर आकाश रिकामं आहे हे कळलं असतं.

---

उलटतपासणी

हे उदाहरण मात्र मी बिनशर्त घेतो. शत्रूला काय जमत नाही ते बघून वेळ ठरवली. चंद्राचा प्रश्नच नाही.

कातळकडा, तुमचा 'पहारेकरी आधी, तिथी नंतर' हा भाग मला पटतो. तिथ्यांवरून हेतू काढण्याला माझा विरोध कायम. जंजिऱ्याच्या शिड्यांचं काय ते सांगा बरं. तिथे सगळं जुळूनही फसलंच ना?

---

कातळकडा

लाय पाटलाची गोष्ट. रात्री होडीतून जाऊन जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या, पण मोरोपंतांची माणसं वेळेवर पोचली नाहीत. उजाडायला आलं तशा शिड्या काढून परतावं लागलं, असं सांगतात. महाराजांनी तरी पाटलाचा सन्मान केला. तिथी माझ्याकडे नाही, म्हणून लेखात घेतली नाही. भरती-ओहोटीचं गणितही मला येत नाही.

---

डोलकाठी

ते मी सांगतो, आमच्याकडे शेंबडं पोरही करतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्री बाराला भरती, तीही उधाणाची. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फार चढत नाही, ओढही कमी.

आता तटाला होडी टेकवून शिडी उभी करायची आहे. अमावास्येला अंधार रात्रभर मिळतो, मध्यरात्री पाणी तटापर्यंत चढतं, शिडीला उंची कमी लागते. पण उधाणात होडी तटावर आपटते, शिडी हलते, आणि वर चढलेली माणसं सकाळी सहाच्या ओहोटीत अडकतात. वद्य अष्टमीला पाणी शांत, होडी स्थिर राहते. अंधार मात्र मध्यरात्रीपर्यंतच, आणि नेमकं तेव्हाच पाणी उतरलेलं, तळाचे खडक उघडे, शेवाळलेले.

मी असतो तर वद्य एकादशी-द्वादशी धरली असती. भरती साडेआठ-नऊला, चंद्र तीनच्या पुढे. तिन्हीसांज उलटली की निघायचं, भरतीच्या माथ्यावर शिड्या लावायच्या, आणि मागून येणाऱ्यांना उजाडेपर्यंत नाही, दहापर्यंतच मुदत द्यायची. त्यानंतर पाणी कोणासाठी थांबत नाही.

---

उलटतपासणी

आणि रात्री नऊला सिद्दीचा पहारेकरी टक्क जागा. सुभेदार साहेबांचे दोन ते चार गेले कुठे?

---

डोलकाठी

म्हणूनच तो किल्ला पडला नाही.